विश्लेषण : ईस्टर एका रविवारी संपतो का? रेव्हरंड टिळकांची श्रद्धा, संसार आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’

गुड फ्रायडेची सुट्टी कॅलेंडरवर लाल अक्षरात दिसते, ईस्टर मात्र रविवारीच येत असल्याने तो चर्चबाहेरच्या अनेकांच्या लक्षातही येत नाही. ख्रिस्ती वर्षात हा सण तिथे संपत नाही, तिथून पुढे पन्नास दिवस चालतो. १९१९ मध्ये याच पन्नास दिवसांत मराठीतील एका मोठ्या कवीने मुंबईच्या रुग्णालयात डोळे मिटले. ‘फुलामुलांचे कवी’ रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे येशूच्या चरित्रावरचे महाकाव्य तेव्हा जेमतेम सुरू झाले होते. ते पुढे पूर्ण कोणी केले, हे समजून घ्यायचे तर या कवीच्या घरात डोकवावे लागते.

ईस्टरचा काळ म्हणजे नेमके काय?

ईस्टर म्हणजे येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. त्याची तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा पाश्चात्त्य चर्चचा ढोबळ नियम आहे. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो. त्याआधी लेंटचा, म्हणजे उपवास आणि आत्मपरीक्षणाचा काळ असतो. रविवार वगळून तो चाळीस दिवसांचा भरतो. ईस्टरनंतरचा आनंदाचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत चालतो. ईस्टरचा रविवार धरून मोजले तर पेंटेकॉस्ट पन्नासाव्या दिवशी येतो.

या काळात चर्चमध्ये ज्या कथा वाचल्या जातात त्या लक्षपूर्वक पाहिल्या तर एक गोष्ट जाणवते. उठलेला येशू राजवाड्यात किंवा मंदिराच्या गाभाऱ्यात दिसत नाही. मग्दालीया मरीयेला तो बागेत भेटतो आणि तिला आधी तो माळीच वाटतो. अम्माऊस नावाच्या गावाकडे निघालेल्या दोन शिष्यांबरोबर तो वाटसरू म्हणून चालतो. वाटभर बोलणे होऊनही ते त्याला ओळखत नाहीत. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तो भाकरी मोडून त्यांच्या हातात देतो, तेव्हा त्यांना ओळख पटते. गालीलच्या सरोवरावर रात्रभर जाळे टाकून दमलेल्या शिष्यांसाठी तो काठावर निखाऱ्यांवर मासे भाजून न्याहारी तयार ठेवतो. रस्ता, काम, चूल, पंगत अशा रोजच्या जागी या कथा घडतात. टिळकांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रश्नही पंगतीचाच होता.

हे टिळक कोण?

लोकमान्य टिळक आणि रेव्हरंड टिळक यांची गल्लत अजूनही होते. दोघे समकालीन, दोघांचे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले आणि दोघे चित्पावन ब्राह्मण. नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे झाला. वडील सरकारी नोकरीत आणि स्वभावाने तापट. आई भाविक होती आणि तिला कवितेची आवड होती. आई लवकर गेली. त्यानंतर नारायणने घर सोडले आणि तो नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृतचे धडे घेतले. इंग्रजी शाळेतले शिक्षण अर्धवट राहिले, पण संस्कृत आणि मराठी कवितेवर लहान वयातच हुकमत आली.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले गेले. मराठी वाचक त्यांना ओळखतात ते ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक म्हणून. त्यांच्या माहेरी सोवळेओवळे इतके कडक होते की बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याखेरीज घरात येत नसे. त्या घरात वाढलेल्या मुलीच्या वाट्याला पुढे काय येणार आहे, याची कल्पना तेव्हा कोणालाही नव्हती.

टिळकांचे पाय एका जागी ठरत नसत. शिक्षकी, पुराण-कीर्तन, लेखन, संपादन अशी कामे करत ते गावोगाव फिरले. नागपूरला श्रीमंत गृहस्थ अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. या काळात त्यांच्या मनात धर्मविषयक प्रश्नांनी घर केले होते. जातिभेद मोडल्याशिवाय देश उभा राहणार नाही, असे त्यांचे ठाम मत होते. त्यासाठी एखादा नवा धर्मच उभारावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते.

रेल्वेच्या डब्यात काय घडले?

१८९३ मध्ये टिळक नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. त्या डब्यात एक युरोपीय प्रवासी होता. त्या काळात गोऱ्या माणसाने हिंदी माणसाला डब्यात बरोबरीने जागा देणेही सहज घडत नसे. या प्रवाशाने टिळकांना आपुलकीने जागा दिली, संस्कृत कवींविषयी गप्पा मारल्या आणि निरोप घेताना हातात बायबलची प्रत ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळकांना ते पटण्यासारखे नव्हतेच. पण पुस्तक वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून त्यांनी ते उघडले.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांचे वाचन थांबले. शत्रूवर प्रीती करा, उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू देऊ नका, उद्याची चिंता करू नका, अशी शिकवण देणारा तो भाग. कर्मकांडापेक्षा माणसाच्या वागण्याविषयी बोलणारे हे पुस्तक त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले. मग अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा संपर्क वाढला. याच ॲबट यांनी पुढे मराठी संतांची चरित्रे आणि काव्य इंग्रजीत नेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. रेल्वेतल्या त्या प्रवाशाने सांगितलेली मुदत जवळपास तंतोतंत पाळली गेली होती.

धर्मांतराची किंमत कोणी मोजली?

टिळकांना समाजाने वाळीत टाकले, नातेवाईक तुटले, मित्रांनी पाठ फिरवली. या सगळ्याची त्यांनी तयारी ठेवली होती. लक्ष्मीबाईंना मात्र तयारीला अवधीच मिळाला नाही. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी त्यांच्यावर येऊन आदळली, तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरात तीन-चार वर्षांचा दत्तू होता. त्या काळच्या चालीप्रमाणे नवरा जिवंत असूनही नसल्यासारखा झाला होता. कुंकू आहे, पण संसार नाही. माहेरची आणि नात्यातली माणसे आधार देत होती, पण त्या आधाराखाली आपण कायमच्या आश्रित झालो आहोत, हेही त्यांना कळत होते.

पुढची चार-पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंचा काही काळ पंढरपुरात गेला. टिळक पत्रे पाठवत राहिले. त्या पत्रांत आर्जव असे, कविता असे, कधी राग असे. धर्म बदलल्यावर नवे लग्न करून मोकळे होण्याचा सल्ला देणारेही होते, पण टिळकांनी तो विचार मनात आणला नाही. लक्ष्मीबाईंनीही नवऱ्याशी असलेले नाते मनातून कधी पुसले नाही. मुलाचा ताबा कोणाकडे, यावरूनही ओढाताण झाली.

टिळकांचा गौरव करताना हा भाग अनेकदा दोन ओळींत आटोपला जातो. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त तो आटोपला नाही. नवऱ्याच्या सद्हेतूबद्दल शंका न घेता, त्याच्या निर्णयाने आपल्या जिवाची झालेली तगमगही त्यांनी लपवली नाही. आत्म्याच्या शोधाला निघालेल्या माणसाच्या मागे घर उघडे पडते, हे त्या पुस्तकात स्पष्ट दिसते.

एका छपराखाली दोन चुली का होत्या?

अखेर लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे परत जायचे ठरवले. टिळक तेव्हा अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मिशनच्या धर्मशिक्षण संस्थेत शिकवत होते. लक्ष्मीबाई आल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे, नवऱ्याबरोबर राहायला. आपला धर्म आणि आपले सोवळे सोडणार नाही, अशी त्यांची अट होती. त्यामुळे छप्पर एक, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवऱ्याच्या पंगतीला बसायचे नाही. टिळकांनी ही अट मान्य केली आणि धर्मांतराचा आग्रह धरला नाही. तापट, उतावळ्या स्वभावाच्या माणसाने इथे दाखवलेला धीर त्यांच्या एरवीच्या वागण्याशी जुळत नाही, म्हणूनच तो उठून दिसतो.

लक्ष्मीबाईंमध्ये बदल झाला तो कोणाचे प्रवचन ऐकून नाही. सोवळ्याचा जाच त्यांनी लहानपणापासून अनुभवला होता. माणसामाणसांतला हा विटाळ देवाने केलेला कसा असेल, हा प्रश्न त्यांना स्वतःच पडला आणि त्याचे उत्तरही त्यांनी स्वतःच शोधले. आधी जातीचा बंध गळून पडला. श्रद्धेचा प्रश्न त्यानंतर आला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका घरातल्या दोन चुली एक झाल्या.

अम्माऊसच्या कथेत ओळख पटते ती भाकरी मोडताना. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातही नवऱ्याच्या देवाची वाट स्वयंपाकघरातूनच गेली. ज्या काळात कोणाच्या हातचे पाणी प्यायचे यावर माणसाचे सारे स्थान ठरत होते, त्या काळात एका पानावर बसणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यासाठी या घराला पाच वर्षे लागली.

ख्रिस्त मराठी कसा बोलू लागला?

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये इंग्रजी भजनांची भाषांतरे मोठ्या प्रमाणात गायली जात. शब्द मराठी, चाल विलायती. शब्दांचे आघात चालीत नीट बसत नसत आणि खेड्यातल्या माणसाला ते गाणे आपले वाटत नसे. टिळकांच्या आधीही कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी नगर भागात देशी चालीची गीते आणि ख्रिस्ती कीर्तने रुजवण्याचे काम केले होते. टिळकांनी ते काम फार पुढे नेले. अभंग, ओवी, पद, आरती या घडणीत त्यांनी शेकडो गीते लिहिली. टाळ, पेटी आणि तबल्यावर ती गायली जाऊ लागली. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या गीतांचा वाटा मोठा आहे. गुड फ्रायडेची शोकाकुल उपासना असो की ईस्टरची पहाट, त्यांची पदे आजही म्हटली जातात. ती गाणाऱ्यांपैकी अनेकांना कवीचे नावही ठाऊक नसते.

टिळकांची भूमिका साधी होती. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे ज्ञानोबा-तुकोबांची भाषा टाकून द्यायची, असे त्यांना मान्य नव्हते. तुकारामांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो, त्याच मायेने टिळकांच्या कवितेत ख्रिस्त आई होतो आणि गुरूही होतो. युरोपातल्या चित्रांतला गोरा, दूरचा येशू त्यांच्या ओळींमध्ये घरातल्या माणसासारखा वावरतो. ख्रिस्ती झालेल्या माणसाने विलायती पोशाख, विलायती नावे आणि विलायती रीतिभाती उचलाव्यात, याची त्यांना चीड होती. स्वतः ते धोतर, अंगरखा आणि पागोट्यातच राहिले. त्यांच्या देशभक्तिपर कविताही याच निष्ठेतून आल्या. धर्म बदलला म्हणून देश बदलत नाही, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले.

१८४२ मध्ये अमेरिकन मिशनने सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून टिळकांकडे आले आणि अखेरपर्यंत राहिले. एका बाजूला हिंदू समाजाला ते परके झाले होते. दुसऱ्या बाजूला आपल्या ख्रिस्ती बांधवांना ते इतके हिंदी राहू नका असे वाटण्याइतके देशी होते. दोन्हीकडून संशयाने पाहिले जाण्याची सवय त्यांनी करून घेतली होती.

रोजच्या जगण्यात श्रद्धा कुठे दिसत होती?

टिळकांचा हात सढळ होता. खिशात आलेला पैसा घरापर्यंत पोचेलच, याची खात्री लक्ष्मीबाईंना कधीच नसे. वाटेत भेटलेल्या गरजूला तो दिला जाई, पुस्तकांवर खर्च होई, नाहीतर अनोळखी पाहुण्याच्या पाहुणचारात संपे. उद्याची चिंता करू नका हे वचन टिळक मनापासून पाळत. त्या उद्याची भाजी-भाकरी मात्र लक्ष्मीबाईंना जुळवावी लागे. घरात अनाथ आणि निराधार मुले येत आणि घरचीच होऊन राहत. त्यांचे पालनपोषणही बव्हंशी त्यांच्याच अंगावर पडे. त्यांनी याचे वर्णन तक्रारीच्या सुरात केले नाही. नवऱ्याच्या विसराळूपणावर आणि हट्टावर त्यांनी मनमोकळे हसून घेतले आहे. ‘स्मृतिचित्रे’ आजही वाचले जाते ते या हसण्यामुळे.

या घराच्या दारातून आत आलेल्यांमध्ये एक कोवळा कवीही होता. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. ते भरवण्यात टिळकांचा पुढाकार होता. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने कविता म्हटली आणि तो ‘बालकवी’ झाला. टिळक दांपत्याने त्याला पोटच्या मुलासारखे घरी ठेवून घेतले. ब्राह्मण घरातला मुलगा ख्रिस्ती कुटुंबात राहतो म्हणून टीका झाली. टिळकांनी त्याच्यावर धर्म लादला नाही. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले आणि टिळकांच्या घरचेही राहिले. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वे अपघातात त्यांचा मृत्यू झाला. टिळकांच्या अखेरच्या वर्षावर त्या दुःखाची सावली होती.

कवी म्हणून टिळकांची ओळख ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘केवढे हे क्रौर्य!’ अशा कवितांमुळे झाली. शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेली पक्षीण आणि तिची पिले मराठी शाळेत शिकलेल्या कित्येक पिढ्यांना आठवतात. त्या कवितेत ख्रिस्ताचे नाव नाही. तरीही मुक्या जीवाच्या वेदनेकडे पाहणारी तीच करुणा त्यांच्या भजनांतही आहे.

‘देवाचा दरबार’ का भरवला?

१९१७ मध्ये, वयाच्या छपन्नाव्या वर्षी टिळकांनी आणखी एक धाडस केले. मिशनच्या कामाचा आणि त्याबरोबर मिळणाऱ्या वेतनाचा राजीनामा देऊन त्यांनी संन्यस्त वृत्तीने जगायचे ठरवले. साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणारा, पण परदेशी मिशनच्या चौकटीबाहेरचा असा हा मेळा होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ज्याला येशू आवडतो त्याने या दरबारात यावे, भजन करावे आणि सेवा करावी. संस्थेच्या नोंदवहीत नाव आहे की नाही, हा प्रश्न तिथे दुय्यम होता.

हा विचार त्या काळातल्या अनेक ख्रिस्ती धुरीणांना झेपणारा नव्हता. नोंदवही नसेल तर मंडळी टिकेल कशी, ही त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. दरबाराला टिळकांच्या व्यक्तिमत्त्वाचा आधार होता आणि तो आधार पुढे दोनच वर्षे राहिला. टिळकांनंतर दरबार त्या रूपात टिकला नाही. तरी त्यात विचारला गेलेला प्रश्न टिकला. ख्रिस्ताचा अनुयायी होण्यासाठी आपला समाज, आपली भाषा आणि आपली माणसे सोडावी लागतात का? ज्याने बावीस वर्षांपूर्वी ती किंमत मोजली होती, घरच्यांना मोजायला लावली होती, त्याच माणसाने आयुष्याच्या अखेरीस हा प्रश्न मांडला. पुढच्यांना तशी किंमत मोजावी लागू नये, ही तळमळ त्यामागे दिसते.

अखेरचे दिवस कसे होते?

१९१९ मध्ये ईस्टर २० एप्रिलला होता. टिळकांची प्रकृती तोपर्यंत ढासळली होती. त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ठेवले होते. ईस्टरनंतर एकोणीस दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी त्यांचा तिथे मृत्यू झाला. चर्चच्या वर्षात तो पुनरुत्थानाचाच काळ सुरू होता.

मृत्यूनंतर काय करावे, याविषयीही टिळकांनी आपले मत सांगून ठेवले होते. त्या काळी ख्रिस्ती माणसाला मातीच देण्याची रीत होती. टिळकांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. दहन झाले म्हणून पुनरुत्थानाची आशा संपते, असे त्यांना वाटत नव्हते. जन्मभर जे गाण्यातून सांगितले, तेच त्यांनी शेवटच्या प्रवासातही पाळले. देव ख्रिस्ताचा, रीत आपल्या मातीची.

‘ख्रिस्तायन’ कोणी पूर्ण केले?

मराठीत रामायण-महाभारताच्या कथा ओवीबद्ध झाल्या, तसे येशूचे चरित्र ओवीत यावे, हे टिळकांचे स्वप्न होते. मराठीत असा प्रयत्न पूर्वी झाला नव्हता असे नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले गेले होते. टिळकांना आपल्या काळाच्या मराठीत, घरोघरी वाचता येईल असे काव्य हवे होते. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी सुरू केले, पण अकराव्या अध्यायाच्या आसपास ते थांबले. क्रूस आणि ईस्टरची पहाट अजून खूप दूर होती.

हे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. वाचायला-लिहायला त्या टिळकांकडून शिकल्या आणि शाळेत कधी गेल्या नाहीत. नवऱ्याचा धर्म स्वीकारायला त्यांनी पाच वर्षे घेतली होती. त्याचा ग्रंथ पुढे नेण्यासाठी त्यांनी उरलेले आयुष्य दिले. कीर्तने केली, मुलाचा संसार सांभाळला, ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि त्याबरोबर ‘ख्रिस्तायना’चे चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचा मृत्यू झाला. अखेरचा, शहात्तरावा अध्याय त्यांचा मुलगा देवदत्त याने लिहिला. ज्याच्या ताब्यावरून एकेकाळी ओढाताण झाली होती, तोच हा दत्तू. १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आकड्यांकडे पाहिले तर या महाकाव्याचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंचा आहे. तरीही तो टिळकांचा ग्रंथ म्हणून ओळखला जातो. नवऱ्याने घातलेल्या पायावर आपण भिंती चढवल्या, अशीच त्यांची स्वतःची भावना असावी. वाचकाला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. १८९५ मध्ये ज्या बातमीने लक्ष्मीबाईंचा संसार मोडला, तीच कथा त्या पुढे स्वतःच्या शब्दांत ओवी ओवीने लिहीत होत्या.

आज त्याचे महत्त्व काय?

पुनरुत्थानावर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. श्रद्धा माणसाच्या रोजच्या वागण्यात कशी उतरते, हा प्रश्न मात्र सर्व धर्मीयांना लागू आहे. टिळकांच्या चरित्रात त्याचे गुळगुळीत उत्तर मिळत नाही. त्यांच्या श्रद्धेने बायकोला पाच वर्षे एकटे पाडले. त्याच श्रद्धेने तिला आपल्या गतीने विचार करायला अवकाशही दिला. दान करताना त्यांनी घरच्या गरजांकडे दुर्लक्ष केले, पण दारात आलेल्याला कधी परत पाठवले नाही. ते नव्या धर्मात गेले आणि जुन्या भाषेला घट्ट धरून राहिले. हे सारे एकाच माणसाचे आहे आणि त्यातले काही वगळले तर माणूस अपुरा राहतो.

यंदाही ईस्टरच्या पहाटे नगर, सातारा, पुणे, मुंबई, नाशिकच्या चर्चमध्ये मराठी पदे म्हटली जातील. दुसऱ्या दिवशी सोमवार असेल. शाळा, कार्यालये, बाजार सुरू होतील आणि कॅलेंडरपुरता सण संपलेला असेल. चर्चच्या वर्षात पुढचे एकोणपन्नास दिवस बाकी असतील. त्या दिवसांत वाचल्या जाणाऱ्या कथांमध्ये कोणी रस्त्याने चालत असेल, कोणी जाळे ओढत असेल, कोणी जेवायला बसत असेल. ‘ख्रिस्तायन’ पूर्ण झाले तेही अशाच रोजच्या धबडग्यात, चूल आणि पाहुणे सांभाळून उरलेल्या वेळात.